चार चाकांचा नवस

उंब्रज, शुक्रवार,
वैशाख, सन १९७४

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा, जोतीरामचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकून पोचेल तेवढा गोड मानून घ्यावा.) आक्काच्या गुडघ्याला एरंडाच्या पानांनी उतार पडला का, ते कळवावं. आपल्या दम्याची चौकशी मी मुद्दाम करत नाही. मागच्या खेपेला केली तेव्हा आपण सविस्तर उत्तर पाठवलंत आणि ते वाचता वाचता मलाच धाप लागली. तिकडं कुंडलला विहिरींना पाणी टिकून असेल असं धरून चालतो. इकडं आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहितो आणि मग जे आहे ते लिहितो.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, महाबळेश्वरच्या गाडीपाशी ओणवा होऊन तिची चाकं मोजत होतो. ही गाडी नेहमीच्या गाड्यांपेक्षा मला बुटकी वाटली, म्हणून शंका आली. पुढची दोन तर दिसत होती. मागं जोडचाकं आहेत की एकेरीच, ते खाली डोकं घातल्याशिवाय कळेना. कंडक्टर आला आणि म्हणाला, "काय सांडलं काय आजोबा?" (मला पन्नासावं लागायचं आहे. पण ओणव्या माणसाचं वय कुणी पुढून बघत नाही.) मी म्हणालो, चाकं मोजतोय. तो म्हणाला, "मोजून झाली असली तर चढा, मागं रांग लागलीया." सहा भरली. मी देवाचं नाव घेऊन चढलो. आमच्या पोरानं, हंबीरनं, आणि हंबीरच्या आईनं हे सगळं पाहिलं आणि दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

मी चाकं का मोजत होतो हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. नवसाच्या वेळी आपण साक्षीला होता, म्हणून हे पत्र आपल्यालाच. लढाईच्या त्या हिवाळ्यात हंबीरचं पत्र येईना, तेव्हा आपण कुंडलहून आलात आणि आपण दोघं पालीच्या खंडोबाला गेलो, ते आठवा. मी देवापुढं हात जोडून तंबाखू सोडतो म्हणणार होतो. तंबाखूचं ‘तं’ तोंडातून निघालं आणि आपलं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "पावणं, झेपंल तेवढंच बोला. देव काय पळून जात न्हाई." आपण अनुभवी. आपण काशीला जाऊन कारलं सोडून आलात, जे आपण जन्मात तोंडात घातलं नव्हतं. तेवढ्यात देवळाखाली कुणा बड्या माणसाची पांढरी मोटार येऊन थांबली आणि माणसं तिच्याभोवती गोळा झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझा पोरगा जिवंत परत येऊ दे, मी उभ्या जन्मात चार चाकांच्या गाडीत बसणार नाही. आपण मान डोलावलीत. नवस मलाही बरा वाटला. आमची बैलगाडी दोन चाकांची आणि एसटी सहा चाकांची. मधल्या चारांशी माझा कधी संबंध आला नव्हता आणि येईल असं वाटतही नव्हतं.

हंबीर जिवंत आला. डावा पाय गुडघ्याखाली तिकडंच राहिला. आपण देवाला ‘जिवंत येऊ दे’ म्हणालो होतो, ‘सगळा येऊ दे’ म्हणायचं राहून गेलं. स्वस्तात मागितलं की माप हलकं पडतं, असं कधीकधी मनात येतं. मग देवाला वाण्याच्या पंगतीला बसवल्याबद्दल मी गालात मारून घेतो. (हल्ली हे वरचेवर होतं. दाढदुखीचं कारण तेच असावं.) तरीही बोललो ते पाळत आलो. आमची आई म्हणायची, ज्याच्यासाठी नवस बोलला त्याच्या कानावर तो जाऊ देऊ नये, नाहीतर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. म्हणून हंबीरला सांगितलं नाही. आणि हंबीरच्या आईला सांगणं म्हणजे हंबीरला सांगणंच, फक्त अर्धा दिवस उशिरा.

पुण्याहून नवा पाय बसवून आल्यापासून पोरगा कट्ट्यावर बसून असतो. आमचं घर हमरस्त्याला. दिवसभर ट्रका जातात. तो डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो, ह्याचा गिअर अडकतोय, त्यात माल जास्त झालाय. बाकी काही बोलत नाही. तो पलटणीत ट्रकच चालवत होता, सुरुंगावर गेला तोही ट्रकच. तर हा पोरगा एक दिवस आपण होऊन म्हणाला, आबा, महाबळेश्वर बघून येऊ. कुतुबुद्दीन तिथं टॅक्सी चालवतो, त्यानं राहायची सोय केली आहे. (कुतुबुद्दीन आपल्या उंब्रजचाच, हंबीरच्या कंपनीतला. सुरुंगानंतर हंबीरला पाठीवर टाकून आणलं ते यानंच.) वर्षभरात पहिल्यांदा पोरगं काहीतरी मागत होतं. मी लगेच हो म्हणालो. महाबळेश्वरला माणूस पोचल्यावर पुढं काय करतो, हे विचारायचं राहून गेलं.

दाजी, ते गाव एका जागी नाही. आपल्या यात्रेला कसं, देऊळ आणि पाळणे एकाच मैदानात असतात, उभं राहिलं की सगळं दिसतं. तिथं कडा एकीकडं, तळं दुसरीकडं, देऊळ कोसांवर आणि मधे नुसती झाडी. पाहण्याच्या प्रत्येक जागेला पॉईंट म्हणतात. लोक मोटारीतून उतरतात, दरीत बघून ‘अहाहा’ करतात, पुन्हा मोटारीत बसतात आणि पुढच्या दरीला जातात. सगळं गाव चार चाकांवर चाललेलं. सबंध जिल्ह्यात माझ्या नवसाला एवढं वाईट गाव दुसरं नसेल.

स्टँडवर कुतुबुद्दीन पुसून लख्ख केलेली अँबेसिडर घेऊन उभा. दार उघडून म्हणाला, "बसा आबा, आज तुमी साहेब." मी म्हणालो, मला मोटार लागते, मळमळतं. हंबीरची आई म्हणाली, "आवं, आत्ता तर पसरणीच्या घाटात भाकरी खात हुता की!" मी पिशवी उचलून चालू लागलो. हंबीर माझ्याकडं बघत राहिला. मग कुतुबुद्दीनला म्हणाला, "आबा चालणार असतील तर मी बी चालतो." आणि पुण्याचा पाय टाकत माझ्या मागं आला. हंबीरची आई मात्र गाडीत बसली. तिनं कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं.

अशी आमची सहल सुरू झाली. ती पुढं, मागच्या गादीवर एकटी, पदर सावरून. आम्ही बापलेक मागून, धुळीतून. पहिल्या दिवशी मावळता सूर्य बघायचा म्हणून आम्ही बॉम्बे पॉईंटाकडं निघालो. मी मुद्दाम हळू चाललो की हंबीरला जड जाऊ नये, आणि हंबीर मुद्दाम ताठ चालला की मला कळू नये. पोचलो तेव्हा सगळं गाव उलट येत होतं. हंबीरची आई गाजर खात गाडीला टेकली होती. म्हणाली, "त्यो गेला की. आता काय बगायला आलाय?" मी म्हणालो, उंब्रजलाही मावळतोच की. पण एवढ्या लांब येऊन, आपला सूर्य आपल्याला न विचारता गेला, याचं मनाला जरा लागलं.

दुसऱ्या दिवशी मी घोडं ठरवलं. घोड्याला पाय चार असले तरी चाकं नसतात, आणि हंबीरचं चालणंही वाचेल, असा दुहेरी विचार. पण घोड्यावर डाव्या बाजूनं चढतात आणि हंबीरचा डावा पाय पुण्याचा. उजव्या बाजूनं चढवावं तर घोड्याला ती सवय नाही, ते स्वतःभोवती फिरू लागलं. आम्ही त्याच्या उजवीकडं जायचं आणि त्यानं आपली डावी बाजू पुढं करायची. बघायला पुष्कळ लोक जमले. शेवटी एका भिंतीवरून हंबीर घोड्यावर गेला. मी लगाम धरणाऱ्याला सांगितलं, कड्याकडं घे. घोडं तळ्याकडं गेलं. तळं बघून आलो आणि पुन्हा सांगितलं, कड्याकडं. पुन्हा तळं, आणि तिसऱ्यांदाही तळंच. तो घोडेवाला शांतपणे म्हणाला, "पावणं, हे घोडं तळ्यालाच जातंय. कडा बगायचा असंल तर दुसरं घोडं करा." वेण्णा तळं चांगलं आहे. मी ते तीनदा पाहिलं आहे.

दुपारी मला मंडईपाशी तीन चाकांचा टेंपो दिसला आणि देवानं आपल्यासाठीच धाडला असं वाटलं. तो गाजराची पोती उतरवून रिकामी पोती घेऊन जुन्या महाबळेश्वराकडं निघाला होता. आम्ही दोघं पोत्यांवर बसलो. वाटेत बरं वाटलं, म्हणून मी बोलायचं म्हणून विचारलं, हंबीर, तुझ्या त्या ट्रकाला चाकं किती होती रे? त्यानं बुडाखालचं पोतं ओढून सारखं केलं. मग म्हणाला, "सहा. का?" मी म्हणालो, काही नाही, सहज. (माझ्या मनात काय होतं ते आपल्याला कळेल. चार असती तर माझ्या नवसात तरी काही अर्थ दिसला असता.) त्यानं तोंड फिरवलं. माणसानं आपल्या मनातल्या विचाराचं शेपूट तेवढं बाहेर काढलं की दुसऱ्याला ते सापच वाटतं. पुढं चढ आला. टेंपो दम टाकून थांबला आणि आम्हाला उतरून तो ढकलावा लागला. ज्या वाहनात बसून जायचं त्याला मी आणि एका पायाचा हंबीर, आम्ही देवळापर्यंत पोचवून आलो.

देवळात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. मी हात जोडले. शंकराला सगळं सांगून टाकावं असं मनात आलं, पण एका गावची भांडणं दुसऱ्या गावच्या पंचांपुढं नेणं बरं नव्हे. नुसतं तीर्थ घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण तेच लिहायचं आहे. एका पॉईंटाच्या वाटेवर हंबीर मैलाच्या दगडावर बसला. पट्टे सोडले, पाय काढला. आतल्या मोज्याला रक्त लागलं होतं. मी माझा पंचा फाडू लागलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आबा, एक विचारतो. मी पलटणीतनं आल्यापासनं बगतोय, तुमी गाडीला शिवत न्हाईसा. गेल्या साली लगनाला जीप आली, तवा बी तुमी चालत गेला. गाडीची लाज वाटती, का माझी?"

मी म्हणालो, तसं न्हाई रं बाळा.

"मग कसं?"

मी दरीकडं बघत राहिलो. दाजी, दरी फार खोल आहे. तेवढ्यात अँबेसिडर आली. कुतुबुद्दीन उतरला, हंबीरला धरून आत बसवलं, दुसरं दार माझ्यासाठी उघडलं. "आबा, तुमच्या पाया पडतो, बसा." मी दार धरलं. एक पाय आत टाकला सुद्धा. आणि मनात आलं, हे मोडलं आणि देवानं उरलेला हंबीर परत मागितला तर? पाय बाहेर काढला. दार हंबीरनंच ओढून घेतलं. गाडी गेली. माझ्या वाट्याला लाल धूळ आली, ती बरीच होती.

घरी आल्यावर हंबीरच्या आईकडून खरं कळलं. कुतुबुद्दीनच्या मालकाला ती अँबेसिडर विकायची आहे. हंबीरनं ती घ्यायची, कुतुबुद्दीननं चालवायची आणि हंबीरनं शेजारी बसून धंदा बघायचा, असं दोघांचं ठरलं होतं. ही सहल म्हणजे मला गाडी पसंत पडावी म्हणून. तीन दिवस ते दोघं मला नवरी दाखवत होते आणि मी दर वेळी मंडपातून उठून जात होतो. आता हंबीर म्हणतो, बापाला जी गाडी चालत नाही ती दारात नको. मुंबईला कुठल्याशा गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे, सोमवारी निघणार. कुतुबुद्दीन रविवारी गाडी पूजेला आणतो म्हणाला आहे. त्याला आशा आहे. हंबीरनं नुसती ट्रंक काढून पुसून ठेवली. एक पाय रणात ठेवून आलेला पोरगा बाकीचा मुंबईला घेऊन जाईल, आणि त्याला जिवंत ठेवण्यासाठी बोललेला नवस त्याला घरातून काढेल.

काल मी चालत पालीला जाऊन गुरवाकडून कौल लावला. उजवं फूल पडलं तर बसावं, डावं पडलं तर बसू नये. दोन्ही फुलं देवाला चिकटून राहिली. पुष्कळ वेळ बसलो. गुरव म्हणाला, उन्हाळ्यात असं होतं, फुलं वाळून चिकटतात, आणि जेवायला गेला. देव उत्तर द्यायला बांधलेला नाही हे मला मान्य आहे, पण मी पायी आलो होतो.

तेव्हा दाजी, साक्षीदार म्हणून आपला निर्णय हवा. अँबेसिडरच्या मागच्या पेटीत एक जादा चाक असतं. ते धरून पाच होतात. ते जमिनीला लागत नाही, पण गाडीबरोबर जातं. देवाच्या दरबारी ते धरावं की नाही? नसलं तर नवस दुसऱ्या कशावर फिरवून घेता येतो का? आपण काशीला गेला आहात, तिथल्या ब्राह्मणांशी बोलला आहात. उलट टपाली, जमल्यास तारेनं कळवावं. आपल्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. तोवर मी काहीही करणार नाही.

आक्काला नमस्कार. पोरांना आशीर्वाद. दम्याला जपावं, पण त्याबद्दल लिहू नये.

आपला,
जोतीराम

ता. क. वर विचारलेल्या कशाचंही उत्तर देऊ नये. पत्र टपालात पडलंच नाही, कोटाच्या खिशात राहिलं, आणि मधे रविवार येऊन गेला. कुतुबुद्दीननं गाडी दारात लावली. गल्ली जमली. हंबीरच्या आईनं हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. कुणीतरी ओरडलं, "जोतीरामभाऊ, बसा की पयल्यांदा, घरचं कर्तं माणूस!" मी खांबाला धरून उभा. आता पोरगं माझ्याकडं बघेल आणि काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तो गल्लीकडं तोंड करून म्हणाला, "आबांस्नी मोटार लागती. मळमळतं त्यांस्नी. त्यांना तरास देऊ नगा." माझी लबाडी त्याला महाबळेश्वरच्या स्टँडपासून ठाऊक होती. ती त्यानं चारचौघांत माझ्यासाठी खरी करून सांगितली, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. दाजी, त्यानंतर मला चाकं दिसेनाशी झाली. मी मनात म्हणालो, खंडोबा, बोललो मी आणि मोडतोय मी, जे घ्यायचं ते माझ्याकडून घे, पोराकडं बघू नकोस. आणि दार उघडून बसलो. डोकं वर आपटलं. देवानं तेवढंच घेतलं असेल तर स्वस्तात सुटलो, असं म्हणणार होतो, पण आता स्वस्त हा शब्द देवाच्या बाबतीत काढायचा नाही असं ठरवलं आहे. तारळीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. गादी मऊ आहे. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली.

ता. क. दुसरं, आणि खरं काम हेच. येत्या गुरुवारी हंबीर आणि कुतुबुद्दीन ती गाडी घेऊन आक्काला फिरवायला कुंडलला येणार आहेत. हंबीर आपल्याला नक्की विचारेल, आबा इतके दिवस गाडीत का बसत नव्हते. आपल्यावर त्याचा विश्वास आहे. पाया पडून सांगतो, खंडोबाचं नाव काढू नये. त्याच्या जिवासाठी काही बोललो होतो आणि ते मी मोडलं, हे कळलं तर तो ती गाडी एक दिवस सुखानं चालू देणार नाही, खड्डा लागला तरी त्याला देव दिसेल. भ्यायचं ते मी एकटा भितो, मला सवय आहे. आपण एवढंच सांगावं, की तुझा बाप पहिल्यापासून चिकट, टॅक्सीचं भाडं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो, त्यापायी रानोमाळ चालत फिरला. आक्कालाही तेच सांगावं. काल जेवताना मी स्वतः हंबीरला तसं सांगून टाकलं आहे. त्यानं ताबडतोब विश्वास ठेवला, याचं थोडं वाईट वाटलं.